ईफुटबॉलची ड्रीम टीम: क्रायफ मिळाला, आता उभा कुठे करायचा?

सत्तरच्या दशकातला डच खेळाडू क्रायफ आजच्या प्रेसिंगपुढे, म्हणजे अंगावर येऊन चेंडू हिसकावण्यापुढे, टिकला असता का, बेकनबाउरला आजच्या विंगरांनी दमवलं असतं का, असले वाद अमृततुल्यच्या बाकड्यावर सुटत नाहीत. कोनामी कंपनीच्या ईफुटबॉल या व्हिडिओ गेममधला ड्रीम टीम हा प्रकार निदान ते वाद मैदानावर आणतो. 1974 चा जगज्जेता कर्णधार बेकनबाउर मागे, आजचा लमिन यमाल पुढे, मध्ये व्हिएरा, असा संघ लावा आणि समोरच्याशी ऑनलाइन भिडा. खेळ फुकट आहे. प्रो इव्होल्यूशन सॉकर हे जुनं नाव टाकून तो सप्टेंबर 2021 मध्ये ईफुटबॉल झाला आणि जून 2022 पासून मोबाइलवरही आला. पुण्यात पीजीपासून हिंजवडीच्या बसपर्यंत तो मोबाइलवरच जास्त दिसतो, म्हणून इथे मोबाइलच्या अंगाने लिहिलं आहे.

निकाल आधीच सांगून टाकतो: संघ बांधण्याची मजा पाचपैकी साडेचार, पैशांचा हिशेब पाचपैकी अडीच. हा खेळ नावं विकतो आणि सामने मात्र जागा नि शैली जिंकून देतात. हे ज्याला उमगलं त्याचे पैसे वाचतात.

आधी कार्डांची ओळख करून घ्या, कारण पहिली फसगत तिथेच होते. स्टँडर्ड म्हणजे आजचे खेळाडू, खेळून मिळणाऱ्या जीपी या खेळातल्या चलनावर ठरलेल्या भावाने विकत मिळणारे. ट्रेंडिंग म्हणजे त्या आठवड्यात गाजलेले. या ट्रेंडिंगचे आकडे छापील असतात, पुढे वाढवता येत नाहीत. त्यावर हायलाइट, म्हणजे आजचेच खेळाडू पण वाढवता येणारे. आणि एपिक, बिग टाइम, शो टाइम ही वरची जात, ज्यासाठी सगळा आटापिटा चालतो. एपिक कार्ड त्या माणसाच्या अख्ख्या कारकिर्दीचं नसतं, तर एका ठरावीक हंगामाचं किंवा मोहिमेचं असतं. त्यामुळे एकाच खेळाडूची चार-चार कार्डं फिरत असतात. प्रत्येकावर जागा वेगळी, शैली वेगळी, कौशल्यं वेगळी. लोथार मॅथेउसचंच बघा. 1990 चा विश्वविजेता कर्णधार मिडफिल्डर होता, कारकिर्दीच्या उत्तरार्धात तो मागे स्वीपर म्हणून खेळला. खुलीटही तसाच, नेदरलँड्समध्ये स्वीपर म्हणून खेळलेला आणि मिलानमध्ये पुढे गोल करणारा. नाव बघून कार्ड घेतलं की नको त्या जागेचा माणूस गळ्यात पडतो. आणि एकाच खेळाडूची दोन कार्डं एका संघात घेता येत नाहीत, तेव्हा दुसरं कार्ड कितीही देखणं असलं तरी ते कपाटातच राहणार.

आता पैसे. एपिकच्या बहुतेक याद्या 150 जणांच्या असतात आणि त्यात एपिक तीनच. एक स्पिन, म्हणजे त्या यादीतून नशिबाने एक खेळाडू काढणं, 100 कॉइनला (कॉइन हे पैसे देऊन घ्यायचं खेळातलं चलन), दहा एकदम मारले तर 900 ला. निघालेला खेळाडू यादीत परत जात नाही, ही या पद्धतीतली सर्वांत चांगली गोष्ट. म्हणजे नशीब कितीही फुटकं असलं तरी दीडशेव्या स्पिनपर्यंत तिघेही हाती येणारच. पण 150 स्पिन म्हणजे 13,500 कॉइन. मधला हिशेब असा: पहिल्या दहा स्पिनमध्ये तिघांपैकी कोणीतरी एक मिळण्याची शक्यता सुमारे 19 टक्के आणि तुम्हाला हवा तोच मिळण्याची सात टक्क्यांच्या आत. पन्नास स्पिन मारले, म्हणजे 4,500 कॉइन घातले, तर कोणीतरी एक मिळण्याची शक्यता 71 टक्के होते, पण हवा तोच मिळण्याची 33 टक्केच. सरासरीने एका ठरावीक खेळाडूसाठी साधारण 75 स्पिन लागतात, म्हणजे पावणेसात हजारांच्या आसपास कॉइन. दुकानाच्या पानावर जो पॅक घ्यायचा विचार असेल त्याच्या रुपयांना कॉइनने भागा आणि 6,800 ने गुणा. तो आकडा बघून बहुतेकांचा हात आपोआप मागे येतो. काही याद्या वेगळ्या असतात, तेव्हा स्पिनच्या आधी तपशिलाच्या पानावर जाऊन एकूण किती आणि एपिक किती हे मोजायला विसरू नका.

यातून एक नियम निघतो: तिघांपैकी कोणीही आला तरी संघात बसत असेल तरच त्या यादीला हात घाला. एकासाठी जीव टाकणारा माणूस हमखास बाकीचे दोन घेऊन घरी जातो. आणि अर्धवट सोडलेली यादी मुदत संपली की बंद होते. चाळीस स्पिन मारून वाढवलेली शक्यता तिच्याबरोबर पाण्यात जाते. दर आठवड्याला नव्या यादीत दहा-दहा स्पिन मारत फिरणं हा म्हणूनच सर्वांत महागडा प्रकार. कॉइन साठवा, एक यादी धरा, तिच्यात खोल जा. लॉगिन, इव्हेंट आणि मोहिमांमधून फुकट कॉइनही येत राहतात, त्यामुळे एक पैसा न घालता खेळणाऱ्यालाही अधूनमधून एपिक मिळतो. तो कोणता असेल, ते मात्र त्याच्या हातात नसतं.

संघ निवडताना क्रम उलटा ठेवा. मॅनेजर आधी, मग फॉर्मेशन, मग जागेची शैली, आणि खेळाडूचं नाव शेवटी.

मॅनेजरच्या पानावर पाच शैलींचे आकडे असतात: पझेशन गेम, क्विक काउंटर, लाँग बॉल काउंटर, आउट वाइड आणि लाँग बॉल. ज्या शैलीचा आकडा सर्वांत मोठा तीच खेळायची, मग आपल्याला बार्सिलोनाचं कितीही वेड असो. क्विक काउंटरमध्ये संघ वर चढून दाबतो आणि चेंडू मिळताच सरळ गोलाकडे धावतो. मागची रेषा वर असते, म्हणून बचावपटू वेगवान हवेत. लाँग बॉल काउंटरमध्ये सगळे खाली बसतात, तिथे वेगापेक्षा उंची आणि जागा धरून उभं राहणं कामाला येतं. नव्याने सुरू करणाऱ्याला लाँग बॉल काउंटर सोपं जातं. दिसायला रटाळ आहे, पण आपल्यावर गोल कमी बसतात.

यानंतर येते खेळाडूची स्वतःची शैली, आणि खरी मेख इथे आहे. कार्डावर लिहिलेली शैली प्रत्येक जागेवर चालू होत नाही. अँकर मॅन ही शैली डीएमएफलाच, म्हणजे बचावात्मक मिडफिल्डरच्या जागेवरच, चालते. तोच माणूस सीएमएफला, म्हणजे मधल्या मिडफिल्डरच्या जागी, ठेवला की ती बंद. ऑर्केस्ट्रेटर सीएमएफ आणि डीएमएफला चालते. बिल्ड अप आणि एक्स्ट्रा फ्रंटमॅन या सीबीच्या, म्हणजे सेंटर बॅकच्या शैली, गोल पोचर ही सीएफची, म्हणजे मधल्या स्ट्रायकरची. खेळाडूचा आकडा नव्या जागेवर हिरवागार दिसला तरी शैली बंद असेल तर तो तिथे नुसता उभा असतो, आपणहून धावत नाही. मोबाइलवर तुमच्या हातात एका वेळी एकच खेळाडू असतो, बाकीचे दहा शैलीच्या भरवशावर चालतात. म्हणून 98 च्या चुकीच्या माणसापेक्षा 92 चा बरोबर माणूस जास्त सामने काढून देतो.

उदाहरणादाखल 4-2-1-3 घेऊ, क्विक काउंटरवर. दोन डीएमएफपैकी एक अँकर मॅन असलाच पाहिजे. तो जागा सोडत नाही. दुसरा ऑर्केस्ट्रेटर किंवा बॉक्स टू बॉक्स. दोघेही बॉक्स टू बॉक्स ठेवले, आणि व्हिएरासारखी नावं मिळाली की लोक हेच करतात, तर दोघेही पुढे पळतात आणि सेंटर बॅकच्या पुढ्यात मोकळं मैदान पडतं. तुमचे निम्मे गोल तिथूनच बसत असतात आणि शिव्या गोलकीपरला पडतात. दुसरा डीएमएफ आक्रमक ठेवायचाच असेल, तर वैयक्तिक सूचनांमध्ये जाऊन त्याला डिफेन्सिव्ह करा. अर्धा प्रश्न सुटतो.

एएमएफला, म्हणजे आक्रमक मिडफिल्डरच्या जागी, होल प्लेयर घेतला तर तो पेनल्टी बॉक्समध्ये घुसतो. त्याच्यापुढे सीएफ गोल पोचर असेल तर दोघे एकदम मागच्या रेषेच्या पाठीशी धावतात आणि पायात पास घ्यायला कोणीच उरत नाही. काउंटरवर हे चालून जातं, समोरचा खाली बसला की मात्र कोंडी होते. डीप लाइंग फॉरवर्ड खाली येऊन चेंडू घेतो आणि होल प्लेयर त्याने सोडलेल्या जागेत शिरतो. ही जोडी जास्त टिकाऊ. क्लासिक नंबर 10 शैलीची जुनी कार्डं बघायला सुरेख असतात, पण असा खेळाडू धावपळ कमी करतो. क्विक काउंटरमध्ये तो प्रेसिंगला भोक पाडतो.

फुलबॅकांपैकी, म्हणजे कडेच्या दोन बचावपटूंपैकी, एक आक्रमक, एक बचावात्मक. दोन्ही आक्रमक ठेवले की चेंडू गेल्या क्षणी मागे दोनच माणसं. सेंटर बॅकच्या जोडीत एक्स्ट्रा फ्रंटमॅन फार तर एकच, आणि तोही समोर अँकर मॅन असेल तरच, कारण तो हल्ल्यात वर निघून जातो. उंचीकडेही बघा. कन्नावारोने 2006 चा बलॉन डी'ओर मिळवला, पण तो पावणेसहा फुटांचा. त्याच्या शेजारी व्हॅन डाइकच्या मापाचा उंच माणूस नसेल तर प्रत्येक कॉर्नरला धडधड. दोन्ही सेंटर बॅक ठेंगू आणि गोलकीपरही बेताचा, असा संघ क्रॉसवर खेळणाऱ्या पोरांच्या हाती लागला की त्याचं काही खरं नाही.

खेळाडू मिळाला की त्याची लेव्हल वाढवायची आणि प्रत्येक लेव्हलला मिळणारे दोन प्रोग्रेशन पॉइंट वाटायचे. ऑटोवर सोडू नका. ऑटो एकूण आकडा फुगवतो, तुमच्या खेळाला काय लागतं ते त्याला ठाऊक नाही. वाटपाचा भाव चढता आहे: कोणत्याही एका गटातल्या पहिल्या चार पायऱ्या एका पॉइंटला एक, पुढच्या चार प्रत्येकी दोनला, त्यापुढच्या चार प्रत्येकी तीनला. म्हणजे नेमबाजी (शूटिंग) एकट्या बाराव्या पायरीवर नेली तर 24 पॉइंट गेले. त्याच 24 पॉइंटांत नेमबाजी आठ आणि चपळाई (डेक्स्टेरिटी) आठ अशा मिळून सोळा पायऱ्या येतात. स्ट्रायकरला शूटिंग, डेक्स्टेरिटी आणि लोअर बॉडी यांत विभागून द्या. वेग आणि किकची ताकद लोअर बॉडीत दडलेली आहे, तिकडे बरेच जण ढुंकूनही बघत नाहीत. सेंटर बॅकला डिफेन्डिंग आणि लोअर बॉडी आधी, एरियल नंतर. डीएमएफला पासिंगमध्ये चार पायऱ्या स्वस्तात मिळतात, तेवढ्या घ्या आणि थांबा.

स्किल ट्रेनिंगमधून पाच जादा कौशल्यं बसवता येतात. बचावपटूला इंटरसेप्शन आणि ब्लॉकर, मिडफिल्डरला थ्रू पासिंग आणि वन टच पास. राखीव स्ट्रायकरला सुपर सब. कौशल्य नशिबावर निघतं, तेव्हा हे प्रोग्रॅम बाकावरच्या कार्डांवर उधळू नका, पुढे वर्षभर खेळणार अशाच कार्डांसाठी जपून ठेवा.

राखीव बारा जणांसाठी मात्र पैसे घालायची गरज नाही. जीपीवर मिळणारे स्टँडर्ड खेळाडूही लेव्हल वाढवून चांगले तयार होतात आणि जीपी दुसऱ्या कशाला फारसा लागतही नाही. फुलबॅक तर जीपीवरच घ्या. एपिक लावायचेच असतील तर मणक्यात लावा: गोलकीपर, एक सेंटर बॅक, अँकर मॅन आणि सीएफ. बाकीच्या जागांवर आजचे ताजे खेळाडू बसवले तरी फारसं बिघडत नाही.

ज्यांच्याकडे प्लेस्टेशन किंवा तगडा पीसी आहे त्यांना ईए स्पोर्ट्स एफसी या दुसऱ्या फुटबॉल गेममधलं अल्टिमेट टीम खुणावणारच. तिथे जुने खेळाडू आयकॉन आणि हीरो म्हणून येतात आणि संघ बांधायचं शास्त्र पूर्ण वेगळं आहे: केमिस्ट्री. प्रत्येकाला जास्तीत जास्त तीन, अकरा जणांचे 33. एका क्लबचे 2, 4, 7 जण. एका देशाचे 2, 5, 8. एका लीगचे 3, 5, 8 जमले की एकेक पॉइंट वाढत जातो. आयकॉन आपल्या जागेवर असेल तर त्याला तिन्ही पॉइंट आपोआप, शिवाय तो आपल्या देशासाठी दोन म्हणून आणि संघातल्या प्रत्येक लीगसाठी एक म्हणून मोजला जातो. याचा फायदा असा: तीन आयकॉन घ्या, कोणत्याही देशाचे, आणि आर्सेनलचे दोनच खेळाडू, साका आणि राइस. क्लबचे दोन झाले, एक पॉइंट. प्रीमियर लीगचे हे दोन आणि आयकॉनचे तीन मिळून पाच, म्हणजे आणखी दोन पॉइंट. दोघांचेही तीन पूर्ण. जागा चुकली की मात्र शून्य, आणि त्याच्यामुळे इतरांना मिळणारा हातभारही शून्य. ईएने चुकीला शिक्षा समोर मांडून ठेवली आहे. ईफुटबॉलमध्ये शैली बंद पडल्याचं सामना हरूनच कळतं. याबाबतीत ईए सरस.

तिथे खेळाडू विकता येतात, हाही फायदाच. पण विक्रीवर पाच टक्के कापले जातात: लाखाला घेतलेला खेळाडू 1,05,264 ला विकला तर कुठे मुद्दल सुटतं. आणि दर शरद ऋतूत नवा खेळ येतो की संघ शून्यापासून. वर्षभर जमवलेल्या झिदानला नमस्कार करायचा आणि पुन्हा खिशात हात घालायचा. ईफुटबॉलमधला संघ हंगाम बदलला तरी सोबत राहतो, आणि फुकट खेळाच्या बाजूने माझ्या मते हाच सर्वांत जड मुद्दा आहे.

आपल्या गावचं कोणी सापडेल का, असा प्रश्न असेल तर आशा सोडा. ईएने फिफा 22 पासून इंडियन सुपर लीग (आयएसएल) घेतली, पण एफसी पुणे सिटी त्याआधीच, 2019 मध्ये बंद झाला होता. युरो 2000 चा गोल्डन गोल मारणारा फ्रान्सचा ट्रेझेगे 2014 मध्ये याच क्लबकडून आपल्या बालेवाडीत खेळून गेला, ही आठवण तेवढी उरली आहे.

पुण्यात खेळताना काही गोष्टी जमवून घ्याव्या लागतात. खेळाचे नवे पॅक आणि आठवड्याचं अपडेट गुरुवारी येतं, आणि गुरुवारीच आपल्याकडे देखभालीसाठी लाइट जाते. राउटर बंद, मोबाइलच्या डेटावर अपडेट उतरवायची वेळ. बुधवारी रात्रीच फोन चार्ज करून ठेवा आणि गुरुवारी डिव्हिजनचे सामने संध्याकाळनंतरच लावा. मध्येच नेट तुटलं तर सामना हरल्याचा शिक्का बसतो. धावत्या बसमध्ये किंवा मेट्रोत टॉवर बदलतो तेव्हा चेंडू जागच्या जागी थिजतो, म्हणून प्रवासात कॉम्प्युटरविरुद्धचे इव्हेंट खेळा. जीपी आणि ट्रेनिंग प्रोग्रॅम तिथूनही मिळतात. घरी वायफाय असेल तर 5 गिगाहर्ट्झचा बँड निवडा. आणि उन्हाळ्यात चार्जिंगला लावून खेळू नका; फोन तापला की तो स्वतःच वेग कमी करतो, 60 फ्रेमचा खेळ अडखळायला लागतो आणि टॅकल अर्धा क्षण उशिरा बसतो. कव्हर काढा, फ्रेम 30 वर आणा, निदान एकसारखा तरी चालेल.

पैसे लावून खेळायच्या फँटसी ॲपांवर ऑगस्ट 2025 च्या केंद्रीय कायद्याने गदा आली, म्हणून इकडे वळणार असाल तर एक लक्षात ठेवा. इथे जिंकून पैसे मिळत नाहीत, फक्त जातात. घरात शाळकरी मुलाच्या हातात फोन असेल तर प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागेल अशी सेटिंग आधी करून ठेवा. यूपीआय जोडलेलं असतं आणि 900 कॉइनचं बटण फार मोठं आहे.

शेवटचं काम अगदी पहिल्या दिवशी करायचं: खातं कोनामी आयडीला जोडा. नुसतं पाहुणं खातं ठेवलं आणि फोन बिघडला किंवा चोरीला गेला, तर क्रायफही गेला, मॅनेजरही गेला. जोडणीसाठी ईमेल लागतो. त्यासाठी कॉलेजचा किंवा कंपनीचा ईमेल देऊ नका, तो नोकरी सोडली की बंद होतो.